घर चाल, तुले दखाडस

जळगावच्या कोर्टात ॲडव्होकेट मृणाली बैसाणे यांना त्यांच्या माघारी 'दाखलावाल्या बाई' म्हणतात. तोंडावर काही बोलायची हिंमत एकट्या झिपरूची. कोर्टाच्या कंपाउंडबाहेर लिंबाखाली त्याचं टायपिंगचं टेबल आहे. मृणालीताई स्कूटी स्टँडवर चढवत असतानाच तो ओरडतो, "काय ताई, आज कोणत्या हेडमास्तरचं बीपी वाढवायचं?"

"तू टाइप नीट कर. मागच्या वेळी कलम सतराचं सत्तर केलं होतंस."

"सत्तर वाचून जास्त घाबरले असतील की!"

मृणालीताईंचं घर चालतं ते अपघाताच्या दाव्यांवर. शाळांची प्रकरणं त्यांच्याकडे आली ती आपोआप. शेजारच्या एका मुलाला शाळेने दुपारभर मैदानात उन्हात उभं केलं होतं. त्याची आई काही वकील करायला आली नव्हती. साखर मागायला आली होती आणि जाता जाता एवढंच विचारलं, "असं करता येतं का हो शाळेला?" मृणालीताईंना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी शिक्षण हक्काचा कायदा काढून वाचला. मुलांना मारता येत नाही, त्यांचा मानसिक छळ करता येत नाही, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे त्यात साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कायद्याचं ते पान घेऊन त्या स्वतः शाळेत गेल्या. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की त्या वकीलबाई नोटीस पाठवत बसत नाहीत, शाळेत येतात.

नोटीस पाठवली की शाळाही आपला वकील उभा करते आणि मूल दोन वकिलांच्या मध्ये सापडतं, असा त्यांचा अनुभव. म्हणून पहिल्यांदा त्या काळा कोट न घालता जातात. त्याही आधी मुलाशी बोलतात, एकट्याशी, आईबापांना बाहेर बसवून. हा त्यांचा नियम.

मोनालीच्या वेळी तो नियम मोडला. त्या दिवशी लोकअदालत होती. कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत हेमराज नावाचा एक माणूस शर्टाची वरची गुंडी लावून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये तो मशीनवर होता. मूळचा चाळीसगाव तालुक्यातला. पोरीच्या शाळेसाठी आईला आणि बायकोला घेऊन जळगावला आलेला. बोलायचा मात्र वर्तमानपत्रासारखा.

"मॅडम, आमच्या मोनालीने शिक्षिकेस धमकी दिलेली आहे."

"कितवीला आहे?"

"सातवीत शिकत आहे."

"आणि काय धमकी दिली?"

"'घरी चल, दाखवते तुला.' भर वर्गात. घोरपडे मॅडमना. आणि तेही एकेरीत." एकेरीचं दुःख त्याला धमकीपेक्षा जास्त असावं.

"मग शाळेने काय केलं?"

"हेडसरांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, हेमराजभाऊ, पोरीच्या नावावर डाग कशाला? तुम्हीच अर्ज द्या, घरगुती कारणास्तव दाखला मिळावा म्हणून. दुसरीकडे कुठेही प्रवेश होऊन जाईल."

"दिला अर्ज?"

"दिला."

"का?"

हेमराजने जरा विचार केला. "ते मला भाऊ म्हणाले ना, मॅडम."

मृणालीताईंनी कपाळाला हात लावला नाही, पण तेवढंच बाकी राहिलं. शाळा मुलांना काढत नाहीत, काढू शकत नाहीत. म्हणून ही वाट निघाली आहे. आईबापाला खुर्ची द्यायची, भाऊ म्हणायचं आणि त्यांच्याच हातून अर्ज घ्यायचा. कागदावर मूल आपणहून गेलेलं असतं. 'दाखलावाल्या बाई' हे नाव त्यांना पडलं ते याच अर्जांपायी.

दोन प्रकरणांच्या मधल्या वेळात त्यांनी हेमराजचं ऐकून घेतलं आणि झिपरूकडून मुख्याध्यापकांच्या नावे पत्र टाइप करून घेतलं. विद्यार्थिनी रागाच्या भरात बोलली असेल, तिला समज द्यावी, पण कायद्याप्रमाणे तिला काढता येणार नाही, पालकांनी दबावाखाली दिलेला अर्ज विचारात घेऊ नये, असा मजकूर. पत्र कायद्याला धरून होतं. मोनालीला मात्र त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. शाळेत गेल्यावर त्यांनी चहा मागवला. "ताई, मला काय हौस आहे का? पण मॅडम बाहेरगावच्या आहेत, एकट्या राहतात. उद्या त्यांनी वर तक्रार केली तर? असं करू. विस्तार अधिकाऱ्यांना बोलावतो. पोरीने लिहून द्यावं, मी मॅडमना धमकी दिली, माझी चूक झाली. तो कागद फाइलला लावतो आणि हेमराजभाऊंचा अर्ज परत देतो. झालं."

मृणालीताईंना तडजोड वाईट वाटली नाही. यापेक्षा वाईट अटी त्यांनी मान्य केल्या होत्या.

मोनालीने लिहून द्यायला नकार दिला.

हेमराजचा फोन आला. मागे मिलच्या मशीनचा आवाज. "मॅडम, पोर ऐकत नाही. म्हणते, मी धमकी दिलीच नाही. साऱ्या वर्गाने ऐकलं, तरी नाहीच म्हणते. आता हेडसर म्हणतात, माफी नाही तर दाखला घेऊन जा, तुमचाच अर्ज आहे."

अडचण खरी होती. अर्ज बापाचा, सही बापाची, आणि दबाव टाकला त्याला साक्षीदार कोण, तर एक खुर्ची. भांडता आलं असतं, पण भांडण संपेपर्यंत पोरीचं वर्ष गेलं असतं. शिवाय दुसरी शाळा मिळाली तरी ती कुठल्या तोंडाने जाणार? धमकी देणारी मुलगी म्हणूनच.

रविवारी सकाळी मृणालीताई पिंप्राळ्याकडे हेमराजच्या घरी निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात मोनालीबद्दल राग होता, हे सांगायला हवं. त्यांची स्वतःची लेक त्याच वयाची. तीही तोंडाला साखर लागलेली असताना सरळ डोळ्यांत बघून नाही म्हणते. या वयातली मुलं अशीच, हे त्यांना पाठ होतं. दारात पोहोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात समजावणीची वाक्यं जुळवून ठेवली होती.

पत्र्याच्या दोन खोल्या, मागे कुणाचा तरी रिकामा प्लॉट. हेमराजची आई झुंबरबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिने हातानेच बाजेकडे दाखवलं. "ये बाई, बठ. उन्हातून उनी तू."

"आई, तुम्ही म्हण," हेमराज आतून म्हणाला.

"मी काय इंग्रजी बोलनी का?" झुंबरबाईने लसूण सोलणं सोडलं नाही.

मोनाली वयाच्या मानाने उंच होती. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत आलेला जुना फ्रॉक. मृणालीताईंनी तिला समोर बसवून विचारलं, "मोनाली, तू मॅडमना काय म्हणालीस?"

तिने बापाकडे पाहिलं. "काही नाही."

"बघा!" हेमराज म्हणाला.

मृणालीताईंनी त्याला दूध आणायला पिटाळलं. तो गेल्यावरही मुलगी गप्पच. धमकीचा विषय काढून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी आडून विचारलं. भांडण परसबागेवरून झालं होतं एवढं हेमराजने सांगितलं होतं. वर्गातल्या मुलांनी घरी भाजी लावायची आणि वाढेल तसा तिचा फोटो मॅडमच्या मोबाइलवर पाठवायचा, असा उपक्रम. मोनालीचा एकही फोटो गेला नव्हता.

"खरंच काही लावलं होतंस का, की नुसतंच सांगितलं मॅडमना?"

मोनाली ताडकन उठली. मघापासून जमिनीकडे असलेली नजर वर आली. तिने मृणालीताईंचं मनगट धरलं आणि म्हणाली, "वकीलताई, चाल ना, तुले दखाडस."

मागच्या प्लॉटमध्ये विटांनी आखलेला एक वाफा होता. एका बाजूला मेथी, एका बाजूला कांद्याची पात. काठीला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून सलाइनची नळी खाली सोडलेली, आणि तिच्यातून पाणी मुळांशी कमी आणि विटांवर जास्त पडत होतं. "हाई ठिबक शे," मोनाली म्हणाली. "गळस जरासं."

"फोटो का नाही पाठवलास?"

"फोन आबांसोबत मिलमध्ये जातो. आबा येतात तेव्हा अंधार."

मृणालीताई मेथीकडे बघत उभ्या होत्या. मेथी चांगली होती, उगाच नावं ठेवण्यासारखी नव्हती. आणि तिच्याकडे बघता बघता, आत्ताच ऐकलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात पुन्हा उमटलं. चाल ना, तुले दखाडस.

"मोनाली, मॅडमनाही असंच म्हणालीस?"

"हां. त्या म्हणाल्या, फोटो नाही म्हणजे परसबाग नाही, खोटं बोलतेस. मंग मी सांगं, घर चाल, तुले दखाडस."

"मग हे बाबांना का नाही सांगितलंस?"

मोनाली त्यांच्याकडे अशी बघायला लागली, जणू वकीलताईंना इतकं साधंही कळत नाही. "आबांनी विचारलं, काय बोललीस ते शुद्धमध्ये सांग. शाळेची गोष्ट शुद्धमध्येच सांगायची असते आमच्याकडे. मी शुद्धमध्ये सांगितलं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिने धमकी दिलीच नव्हती. खानदेशच्या अहिराणीत 'दखाडस' म्हणजे दाखवते, एवढंच. एखाद्याला मेथी दाखवावी, वासरू दाखवावं, जखम दाखवावी. तेच वाक्य शब्दाला शब्द लावून शुद्ध केलं की 'घरी चल, दाखवते तुला' होतं, आणि ते ऐकून कुणीही बाह्या वर करील. घोरपडे मॅडम साताऱ्याकडच्या. त्यांनी कानावर पडलं तसं मनात शुद्ध करून घेतलं. हेमराजने घरी शुद्ध करून घेतलं. आणि मृणालीताईंनी ते शुद्ध झालेलं झिपरूकडून टाइप करून घेतलं, खाली सही करून.

खरं तर हे त्यांच्या लक्षात पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. त्या धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. वडील बन्सीलाल एसटीच्या धुळ्यातल्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ग्रीसने माखलेले हात धुता धुता ते मुलांना दम द्यायचे, "घरात शुद्ध बोला. आपल्याला दोनदा हसतात. एकदा आडनाव ऐकून, एकदा बोली ऐकून. आडनाव बदलता येत नाही." मृणाली शिकली, धुळ्याच्या लॉ कॉलेजात गेली, आणि वकिलीच्या पहिल्याच महिन्यात भर कोर्टात 'पक्षकार इथेच आहे' म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, पक्षकार आठेच शे." कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले, अगदी प्रेमाने. त्यानंतर तिने ती भाषा अशी बंद करून ठेवली की आता गावाहून आईचा फोन आला तरी आई अहिराणीत बोलते आणि लेक मराठीत उत्तर देते. दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही.

हेमराज दूध घेऊन आला तेव्हा मृणालीताईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. पण चेहऱ्यावरून वाटलं, पटलं नसावं.

बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. टेबलामागे मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी. एका बाजूला घोरपडे मॅडम, ताठ बसलेल्या, मांडीवर पर्स. खिडकीजवळ शाळेचा क्लार्क कौतिक, कामकाज लिहून घ्यायला. समोर हेमराज आणि मोनाली. मृणालीताईंनी आज कोट घातला होता.

घोरपडे मॅडमनी आपलं म्हणणं न अडखळता मांडलं. "मी इथे जूनमध्ये आले. खोली घेऊन एकटी राहते. एक विद्यार्थिनी सगळ्या वर्गासमोर मला म्हणते, घरी चल, दाखवते तुला. आणि सगळा वर्ग हसतो. मी काय समजायचं?"

त्यांच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी तेच समजलं असतं.

"माझी एकच विनंती आहे," मृणालीताई म्हणाल्या. "मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. तिच्या भाषेत."

"त्यात काय वेगळं निघणार?" मुख्याध्यापक म्हणाले. "अर्थ तोच."

"अर्थ नंतर बघू."

विस्तार अधिकाऱ्यांनी हात केला. "बोल बेटा. काय म्हणालीस मॅडमना?"

मोनाली उभी राहिली. इस्त्रीचा गणवेश, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी म्हणाले, घरी चला मॅडम, दाखवते तुम्हाला."

घोरपडे मॅडमनी मान वळवली. मुख्याध्यापकांनी दोन्ही तळवे वर केले. विस्तार अधिकारी म्हणाले, "म्हणजे कबूल आहे."

हेमराज मात्र समाधानाने बसला होता. साहेबांसमोर गावठी बोलायचं नाही, असं त्याने सकाळी पोरीला बजावलं होतं. पोर 'चला' म्हणाली, 'तुम्हाला' म्हणाली, एकेरीचा दोष गेला, त्याच्या मते अर्धी केस तिथेच जिंकली होती.

मृणालीताईंना सगळं स्वतः सांगता आलं असतं. वाक्याची फोड करून, दोन्ही भाषा शेजारी ठेवून. पण वकिलाने समजावलेलं वकिलाचं होतं. साहेब ऐकून घेतील, मान डोलावतील आणि पोरीने कबूल केलं तेच लिहितील. त्यांनी खुर्ची मोनालीकडे वळवली. काळ्या कोटात, सरकारी अधिकाऱ्यासमोर, ते शब्द त्यांच्या तोंडात इतक्या वर्षांत आले नव्हते.

"मोनाली, मन्हाकडे देख," त्या म्हणाल्या. "आठे तुन्ही आजी बठेल शे अशी समज. मॅडमले तू काय बोलनी? जशी बोलनी तशीच सांग."

कौतिकने लिहिता लिहिता मान वर केली.

मोनालीच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू. "मी सांगं, घर चाल, तुले दखाडस. मन्ही मेथी उगेल शे."

कौतिकच्या नाकातून हसू सुटलं. विस्तार अधिकारी पारोळ्याकडचे. त्यांचं पेन टेबलावर पडलं आणि तोंडून निघून गेलं, "काय दखाडनार व्हती व तू?"

"मेथी. आनि कांदानी पात. आनि ठिबक."

"ठिबक?"

"गळस," मोनालीने प्रामाणिकपणे सांगितलं.

विस्तार अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "सर, तुमचं गाव कोणतं?"

"अमळनेर तालुका." मुख्याध्यापक चष्मा पुसायला लागले.

"घरी काय बोलता?"

मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले.

"एक मिनिट," घोरपडे मॅडम म्हणाल्या. "मला कुणी सांगेल का काय चाललंय?"

कौतिकने पुढाकार घेतला. "मॅडम, दखाडस म्हणजे नुसतं दाखवते. घरी चला, माझी मेथी तुम्हाला दाखवते, असं म्हणली पोर. धमकी द्यायची असती तर आमच्यात वेगळं म्हणतात."

"काय म्हणतात?"

"ते इथं नको, मॅडम."

"आणि 'तुले'? मला तू म्हणाली ती."

"आम्ही बापाला तू म्हणतो, आजोबाला तू म्हणतो. माझी आई तर हेडसरांनाही तू म्हणते. दर गॅदरिंगला म्हणते."

मुख्याध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते नाकारण्यासारखं नव्हतं.

घोरपडे मॅडमनी मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. मग त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "तुम्हाला सगळ्यांना ही भाषा येते?"

"येते म्हणजे... घरी."

"मग मला कुणी विचारलं का नाही, की ती नेमकं काय म्हणाली? मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळे होते."

"मॅडम, तुम्ही मराठीत सांगितलंत," मुख्याध्यापक म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आल्यासारखे थांबले.

"आणि वर्ग? वर्ग का हसला मला?"

"तुम्हाला नाही हसला," मृणालीताई म्हणाल्या. "तिला हसला. वर्गात अहिराणी बोलली म्हणून."

मॅडमनी पहिल्यांदाच मोनालीकडे नीट पाहिलं. मोनाली बुटाच्या टोकाकडे बघत होती.

मग लिहायची वेळ आली आणि कौतिक अडला. "साहेब, दखाडस कसं लिहायचं? द ला काना देऊ का?"

"तू अहिराणी ना रे?"

"बोलतो साहेब. लिहिलं कोणी कधी?"

"ऐकलंस तसं लिही."

कौतिकने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खाली हेमराजचा दाखल्याचा अर्ज रद्द समजावा, असं आलं. माफीचा विषय उरलाच नाही. सगळे उठायच्या बेतात होते तेव्हा मृणालीताईंनी दुसरी गोष्ट काढली. भांडणाच्या दिवसापासून, मोनालीनेच रविवारी सांगितलं होतं, तिला मॅडमच्या तासाला व्हरांड्यात उभं केलं जात होतं, आणि ते कायद्यात बसत नाही. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. "आता ते कशाला, ताई? झालं ना गोड." मृणालीताई म्हणाल्या, "तेही लिहा." धमकी खरी असती तरी व्हरांड्यात उभं करणं चूकच ठरलं असतं, हे त्यांना कागदावर हवं होतं. पुढच्या मुलाच्या बोलण्यात मेथी निघेलच असं नाही.

"उभं मी केलं," घोरपडे मॅडम म्हणाल्या. "लिहा."

फाटकापाशी हेमराजने त्यांना गाठलं. तो खूश होता, पण काहीतरी खुपत होतं. "मॅडम, ते शब्द सरकारी कागदावर तसेच गेले. शुद्ध करून लिहिता नसते का आले?"

"हेमराजभाऊ, शुद्ध करूनच तर इथपर्यंत आलो."

तो हसला, पण त्याला कळलं असं मृणालीताईंना वाटलं नाही. किंवा कळलं असेल, आणि तरीही उद्या तो पोरीला शुद्धच बोलायला लावील. त्याची भीती त्यांच्या वडिलांच्या, बन्सीलालच्या भीतीपेक्षा फार वेगळी नव्हती, आणि ती खोटी आहे असं त्यांना म्हणता आलं नसतं. हसणाऱ्या वर्गात रोज पोरीलाच बसायचं होतं.

खबर झिपरूपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. कौतिक त्याचा साडू. "ताई, ऐकलं तुम्ही कोट घालून अहिराणी बोलल्या?"

"टाइप कर."

"कलम कोणतं लावू?"

त्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा मृणालीताईंनी सहज अहिराणीत उत्तर दिलं. आईने संशयाने विचारलं, "कोन बोली रायनं?" लेक आहे हे पटवायला थोडा वेळ गेला.

हेमराजचा फोन त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. मागे मशीनचा आवाज नव्हता, म्हणजे घरून होता.

"मॅडम, घोरपडे मॅडम घरी येऊन गेल्या. परसबाग बघायला."

"काय म्हणाल्या?"

"बघायला काही राहिलंच नव्हतं. आईने सगळी मेथी आणि पात उपटून भाजी करून टाकली. मोनाली फार चिडली. शेवटी तिने ती गळकी बाटलीच दाखवली." तो थांबला. मग आवाज खाली आणून, शरमल्यासारखा म्हणाला, "आणि आईने त्यांना तू म्हटलं. ये बाई, बठ म्हणाली. मी किती खुणा केल्या, पण ऐकतच नाही."

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसल्या."